घावण्यांचा दर

लॉकडाऊनच्या तिसऱ्या महिन्यात आमच्या कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना एक पत्र पाठवलं. फार सुरेख पत्र होतं. मला खात्रीने सांगता येतं, कारण त्याचा मसुदा मीच केला होता.

कंपनी प्रदर्शनं भरवायची. यंत्रांची, फर्निचरची, लग्नाच्या कपड्यांची. ऑफिस पवईला होतं आणि मी प्रशासन विभागात होतो, म्हणजे दिवसभर पत्रं लिहायचो. महापालिकेला परवानगीचं, पोलिसांना बंदोबस्ताचं, अग्निशमन दलाला ना-हरकतीचं. तालुक्याच्या शाळेत मराठीच्या बाईंनी आमच्याकडून अर्ज घोटून घेतले होते. विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून. त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि त्यांच्या गिरणीने बंद होताना कोणाला पत्रबित्र पाठवलं नव्हतं, सरळ फाटकाला कुलूप घातलं होतं. त्या मानाने आमची कंपनी सुसंस्कृत.

साहेबांचा फोन आला. म्हणाले, "असं लिही, की कोणाला वाईट वाटता कामा नये. आणि कोणी कोर्टात जाता कामा नये."

मी पूर्ण दिवस घेतला. पत्र इंग्रजीत होतं, पण विचार मराठीत केला. सध्याच्या असाधारण परिस्थितीत आपण घरी राहून स्वतःची व कुटुंबीयांची काळजी घ्यावी अशी कंपनीची मनापासून इच्छा आहे. परिस्थिती पूर्वपदावर येताच आपल्या सेवेचा लाभ पुन्हा घेण्यास आम्ही उत्सुक आहोत. साहेब म्हणाले, "झकास." संध्याकाळी ते पत्र मलाही आलं. पत्र लिहिणारा माणूस यादीत नसतो असं का कोण जाणे, मी धरून चाललो होतो. मी दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम कमी पडलाय असं वाटलं, आणि सवयीने उत्तर पाठवलं: आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहे.

बायकोने पत्र वाचलं. ती वेंगुर्ल्याकडची. तिथे माणसं सरळ विचारतात.

"म्हणजे पगार येणार की नाही?"

"नाही."

"मग तसं लिहिलंय कुठे?"

"तेच तर कौशल्य असतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती बाजारात शिळ्या बांगड्याकडे बघते.

आम्ही नाहूरला राहतो. पत्ता सांगताना मुलुंड म्हणतो. आमच्या इमारतीतला प्रत्येक जण मुलुंड म्हणतो, बिल्डरच्या कागदावरही मुलुंडच होतं, आणि त्या एका शब्दासाठी आम्ही वीस वर्षांचं कर्ज काढलंय. बँकेने त्या काळात हप्ते पुढे ढकलले, अगदी उदारपणे. व्याज मात्र ढकललं नाही. त्यामुळे घराचं त्या घटकेला भय नव्हतं. भय होतं मुलीच्या शाळेचं. ती नववीत होती, इंग्रजी शाळेत, जिथे प्रवेश मिळावा म्हणून आम्ही नवरा-बायकोने मुलाखत दिली होती. शाळेचा मेसेज आला: पहिल्या सत्राची फी पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत न भरल्यास ऑनलाइन वर्गाची लिंक बंद करण्यात येईल. पगार दोन महिने आधीपासूनच निम्मा होता, साठवलेलं संपत आलं होतं. मुलगी मेसेज वाचून एवढंच म्हणाली, "बाबा, लिंक बंद झाली ना, की सगळ्यांना कळतं. हजेरीत नाव घेतात आणि कोणी 'येस' म्हणत नाही."

तेव्हा इमारतीत एक विलक्षण गोष्ट चालू होती. सात मजल्यांवरच्या अठ्ठावीस घरांपैकी कोणाचीही नोकरी गेलेली नव्हती, कोणाचाही पगार कापलेला नव्हता, आणि तरीही जवळपास प्रत्येक घरात काहीतरी विकायला काढलेलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी केक करू लागल्या. "अगं, टाइमपास गं. घरी बसून काय करायचं?" त्यांचे यजमान विमानकंपनीत होते आणि विमानं जमिनीवर होती, पण ते दोन स्वतंत्र विषय होते. दुसऱ्या मजल्यावर मास्क शिवले जात होते, कापडी, साडीच्या काठाचे, मॅचिंग. पाचव्या मजल्यावर ऑनलाइन योगा. तिसऱ्या मजल्यावरचे आर्किटेक्ट हापूस विकत होते, "गावचा आहे, वाया जायला नको म्हणून". संपूर्ण सोसायटीला अचानक छंद जडले होते. आणि हे सगळं विकलं जात होतं कोणाला? बाहेर तर कोणाला जाता येत नव्हतं. आम्ही एकमेकांनाच विकत होतो. केकवाल्या वहिनी मास्क घेत, मास्कवाल्या आंबे घेत, आंबेवाले प्राणायाम करत.

बायको म्हणाली, "आपण घावणे करूया. शनिवार-रविवार. सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार."

मला पटलं नाही. पदवीधर माणसाच्या घरातून जेवणाचे डबे जाणार म्हणजे खानावळच झाली. पण तीस तारीख डोक्यावर होती. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची जाहिरात मात्र मी लिहीन. आणि लिहिली. 'कोकणच्या मातीचा सुगंध आपल्या ताटात! घरगुती, निगुतीने केलेले जाळीदार घावणे व काळ्या वाटाण्याचे सांबार. आपल्या रसिक सोसायटीच्या सेवेत.' खाली किंमत लिहायची वेळ आली तेव्हा हात अडला. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसांसमोर ऐंशी रुपये असं लिहायचं? म्हणून मी लिहिलं, 'दरासाठी कृपया संपर्क साधावा.' वाक्य भारदस्त दिसत होतं.

पहिल्याच शनिवारी अकरा घरांतून मागणी आली. दरासाठी संपर्क मात्र एकाच घराने साधला, तळमजल्यावरच्या भाडेकरू नवरा-बायकोने, ज्यांना सोसायटीच्या सभेत बसायला आम्ही खुर्चीही देत नाही. त्यांनी दर विचारला आणि तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. मला ते जरा उद्धट वाटलं.

उरलेल्या दहा घरांत आम्ही डबे पोचवले. आमचे घरचे स्टीलचे डबे, बायकोच्या माहेरचे, झाकणावर नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. तो काळ असा, की दारात स्टुलावर डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि पळायचं. आतून कोणीतरी डब्यावर सॅनिटायझर मारायचं. माणसाचं तोंड दिसायचं नाही, त्यामुळे पैशाचा विषय कोणी कोणाच्या तोंडावर काढायचा, हा प्रश्नच आला नाही. रविवारी रात्री ग्रुपवर कौतुकाचा पूर. अप्रतिम. गावची आठवण आली. अन्नपूर्णा. टाळ्या, हात जोडलेले, बोटांचे बदाम.

आणि सोमवारी डबे परत आले. आपल्याकडे शेजारच्याचा डबा कोणी रिकामा परत करत नाही. सगळी संस्कारी घरं. एकात केक, एकात शिरा, दोन डब्यांत रव्याचे लाडू, एकात नानकटाई, एकात आर्किटेक्टच्या आंब्याचा मुरांबा. मास्कवाल्या बाईंनी डब्यात चार मास्क घडी करून पाठवले. पैसे कोणीच पाठवले नाहीत.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. बायको म्हणायची, "मागा ना." मी म्हणायचो, "देतील गं, चांगली माणसं आहेत." ती म्हणायची, "चांगलीच आहेत. पैसे देत नाहीत एवढंच." मी तिलाच सांगायचो, तू बायकांना सांग, आणि गंमत अशी, की वेंगुर्ल्याची असूनही तिलाही ते जमेना. समोरच्या वहिनी दारात भेटल्या, की त्या आधी केक पुढे करायच्या आणि हिच्या तोंडात केक असताना पैशाचं कसं बोलणार? पाच आठवडे आम्ही तांदूळ, नारळ आणि गॅस स्वतःच्या खिशातून घालून सोसायटीला कोकणचा सुगंध पुरवला. मुलीच्या फीला पैसे नव्हते, पण घरात तीन प्रकारचे केक होते. एकदा तर तिने जेवणाऐवजी चॉकलेट केक खाल्ला आणि वर्गात कॅमेरा चालू असल्यामुळे तिच्या मैत्रिणींना वाटलं, हिच्याकडे रोज पार्टी असते.

तीस तारखेला सहा दिवस उरले तेव्हा मी शाळेत गेलो. मास्क लावून, फाइल घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीच्या काचेपलीकडे ऑफिसमधल्या मॅडम होत्या. मी फी-सवलतीचा अर्ज सरकवला. अर्ज चांगला जमला होता.

"पुरावा?" मॅडम म्हणाल्या.

मी कंपनीचं पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"यात पगार बंद झाला असं कुठे आहे? यात तर तुमची काळजी घेतायत."

"मॅडम, तसं सरळ लिहीत नाहीत."

"मग मी सरळ कशी समजू? तुमच्या कंपनीला सांगा नीट लिहून द्यायला."

कंपनीत आता पत्रं लिहिणारं कोणी उरलं नव्हतं, हे त्यांना सांगून काय उपयोग होता? मॅडमनी मग उपाय सुचवला. सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र आणा, लेटरहेडवर, की या कुटुंबाचं उत्पन्न घटलेलं आहे. तेवढ्यावर निम्मी फी आता आणि निम्मी दिवाळीनंतर असं करता येईल.

मी अतिशय आनंदाने घरी आलो. सेक्रेटरी म्हणजे चौथ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा, सून आणि नातू त्यांच्याच घरात. नातू आमच्या मुलीच्या वर्गात. काका आमच्या घावण्यांचे सगळ्यात मोठे चाहते होते, दर आठवड्याला दोन डबे. इतक्या जवळच्या माणसाची एक सही मिळणं म्हणजे काय अवघड?

"या या साहेब, बसा. जरा लांब बसा," काका म्हणाले. मी विषय मांडला. ते आधी ऐकत होते, मग हसायला लागले.

"उत्पन्न घटलं? तुमचं? अहो, आख्ख्या बिल्डिंगमध्ये जोरात चाललेला धंदा तुमचा एकच! शनिवारी डबे चढताना मी मोजतो. मी स्वतः खातो. आणि मीच लिहून देऊ? एकतीस वर्षं बँकेत काढली, खोट्या कागदावर सही केली नाही."

"काका, डबे जातात. पैसे येत नाहीत."

"म्हणजे कोण देत नाही?"

मी जमिनीकडे बघितलं. आयुष्यात असं वाक्य मी कधी कोणाला तोंडावर बोललो नव्हतो. "कोणीच नाही. म्हणजे, तुम्हीसुद्धा."

आतून काकींचा आवाज आला, "मी म्हणत होते ना, विचारा म्हणून!"

"विचारायचं काय?" काका आतल्या बाजूला ओरडले. "त्यांनी कधी सांगितलं?" त्यांनी फोन काढला, चष्मा वर केला आणि माझीच जाहिरात मला मोठ्याने वाचून दाखवली. कोकणच्या मातीचा सुगंध. रसिक सोसायटी. "छान लिहिलंय. पण दर कुठाय यात? आम्हाला वाटलं, शेजारधर्म आहे. म्हणून तर ही दर सोमवारी लाडू पाठवते, साजूक तुपातले. ते काय फुकट पडतात?"

लाडू खरोखरच साजूक तुपातले असायचे.

काका थोडे निवळले. "बरं, सही देतो. पण एक करा. दोन महिने ऑर्डरी बंद ठेवा. उद्या शाळेचा माणूस चौकशीला आला आणि जिन्यात सांबाराचा वास घमघमत असला, तर माझी सही खोटी पडायची. कागदाप्रमाणे परिस्थिती दिसायला पाहिजे की नको?"

मला ते रास्त वाटलं. मी त्यांचे आभार मानले, दोनदा, आणि खाली येऊन बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती नारळ खवत होती. विळीवरून उठली.

"एका सहीसाठी मी चूल बंद करू? माका काय खूळ लागला हा?" ती चिडली, की मालवणीत जाते. "गरीब दिसायचं, म्हणून गरीब व्हायचं? ठेवा म्हणावं ती सही त्यांच्याकडेच. फोन द्या माझा."

"काय करतेस?"

"ग्रुपवर लिहिते."

"थांब, मी मसुदा करतो..."

"गप रवा. तुम्ही लिहिलंत, तर परत कोणाला काही कळायचं नाही."

खोबऱ्याच्या हाताने तिने लिहिलं. 'एका डब्याचे ऐंशी रुपये. आतापर्यंत किती डबे घेतले ते ज्याचं त्याला माहीत आहे. उद्यापर्यंत पैसे पाठवा. मुलीची फी भरायची आहे.'

"ते शेवटचं वाक्य काढ," मी म्हटलं.

"का? खोटं आहे?"

"आई!" मुलगी आतून धावत आली. "नको ना गं! माझ्या वर्गातली मुलं आहेत बिल्डिंगमध्ये. त्यांच्या आया आहेत ग्रुपवर!"

"असू देत. लिंक बंद झाली तरी कळणारच ना त्यांना? मग हेच कळू दे." आणि तिने पाठवलं.

मेसेज वाचलेल्यांची यादी लांबत गेली, उत्तर मात्र एकाचंही आलं नाही. जेमतेम पाऊण तास गेला असेल. मुलगी उशीत तोंड खुपसून पडली होती. मी दर दोन मिनिटांनी फोन बघत होतो आणि दर वेळी वाटत होतं, आता आपल्याला हे घर विकून कुठेतरी लांब, जिथे कोणी मराठी वाचत नाही, अशा ठिकाणी जावं लागणार.

पहिलं दार समोरचं उघडलं. वहिनी मास्क लावून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "मला पण हेच लिहायचं होतं गं, तीन महिने. यांना एक पैसा मिळालेला नाही मार्चपासून. पण माझे केक वजा कर ना."

"तुझे केक मी मागवले कुठे होते?"

"आणि खाल्लेस ते?"

दोघी जिन्यात लांब लांब बसल्या आणि त्यांनी वजाबाकी केली. वहिनींकडून एकशे वीस रुपये निघाले. त्यावर दोघी इतक्या हसल्या, की वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून बघितलं.

मग पैसे यायला लागले. काहींनी माफी मागून पाठवले, काहींनी न बोलता. आर्किटेक्टनी पुढच्या महिन्यावर ढकलले. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी पैशांऐवजी महिनाभर मोफत योगा देऊ केला आणि बायकोने कळवलं, की घावणे उभ्यानेच करते, व्यायाम होतो. मास्कवाल्या बाई ग्रुप सोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः आले, पाकिटात कोऱ्या नोटा, पूर्ण दहा डब्यांच्या. "पावती द्या," म्हणाले. मी पावती लिहून दिली. सहीच्या पत्राचं मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "आता कसं देणार? आता तर उत्पन्न सिद्धच झालं."

जमलेले पैसे आणि घरखर्चाच्या डब्यात उरलेलं सगळं मिळून निम्म्या फीच्या जवळ गेलं. निम्मीला जे कमी पडत होतं त्यासाठी बायकोने भावाला फोन केला, एका वाक्यात. एकोणतीस तारखेला ती माझ्यासोबत शाळेच्या खिडकीशी आली आणि बोलायचं काम तिने केलं. "निम्मी आहे. निम्मी दिवाळीला. पुरावा नाही." मॅडमनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या फाइलकडे बघितलं आणि पैसे घेतले. हे असंही होऊ शकतं, हे मला कोणत्याच बाईंनी शिकवलं नव्हतं.

एक तारखेला सकाळी मुलीची लिंक उघडली. मी तिच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा उभा होतो. पडद्यावर चौकोन मोजके होते. टीचर हजेरी घेत होत्या, नाव घ्यायच्या आणि बऱ्याच नावांना कोणी 'येस' म्हणत नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या नातवाचं नाव आलं. कोणी बोललं नाही. टीचरनी पुढचं नाव घेतलं.

तास संपल्यावर मुलीने वही मिटली, मास्क लावला आणि म्हणाली, "वर जाऊन येते." मीही तिच्या मागे गेलो. दार काकांनी उघडलं, अर्धंच.

"आजोबा, आजचा धडा. उतरवून झाला की द्या," तिने वही पुढे केली.

काकांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, नेट गेलंय आमचं. चार दिवस झाले. कंपनीवाले येतच नाहीत."

"हो, माझंही जातं कधीकधी," मुलगी म्हणाली.

काकांचा सुप्रभातचा मेसेज ग्रुपवर त्याही दिवशी सहाच्या ठोक्याला आला होता, दवबिंदूंच्या फोटोसकट, आणि पुढचा पूर्ण महिना येत राहिला. कोणी त्यांना नेटबद्दल विचारलं नाही. मुलगी रोज वही घेऊन वर जात होती.